शेवटच्या अक्षरावरचा आघात

“काऽपितो,” सुओर पिएरीनाने ओट्यावर थाप मारली. “कापीऽतो.” दुसरी थाप. “कापितोऽ.” तिसरी थाप इतकी जोरात पडली, की सोललेल्या शेंगांचं भांडं जागचं हललं. “सांग बघू, तीन शब्द ऐकलेस की एक?”

“एक,” मी म्हटलं. मला खरोखरच एक ऐकू आला होता.

“एक!” तिने कपाळाला हात लावला. “पहिला म्हणजे मी अचानक कुठेतरी जाऊन टपकते. दुसरा म्हणजे समजलं. तिसरा म्हणजे असं असं घडलं. अक्षरं तीच, तुकडे तेच, का-पि-तो. बदलतो फक्त आघात. आन्येझे, आघात चुकला तर माणूस बदलतो, काळ बदलतो. तू ‘मी बोलते’ म्हणायला जाशील आणि ‘तो बोलला’ म्हणून मोकळी होशील.”

मी वसईतल्या गास गावची आग्नेस घोन्सालविस. आमच्या धर्मभगिनींच्या संघाचं सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एका बंदराच्या गावात, वृद्धाश्रमासारखं घर होतं. तिथे मला पाठवलं त्याला आता वीसेक वर्षं झाली. तिथे माझं नाव सुओर आन्येझे झालं. सुओर म्हणजे सिस्टर. पिएरीना आयुष्यभर शाळेत शिकवून म्हातारी झालेली, गुडघे गेलेले, पण जीभ आणि तळहात शाबूत. स्वयंपाकघरात भाजी निवडताना ती मला व्याकरण शिकवायची. क्रियापदाचे तुकडे पाडायचे, कुठल्या तुकड्यावर जोर ते टाळीने दाखवायचं.

मला ते जमत नव्हतं. मराठीत शब्द कुठेही दाबून म्हणा, अर्थ तोच राहतो. फार तर बोलणारा चिडलाय एवढं कळतं. माझा कान त्या जोराला बहिराच होता.

त्या दिवशी चौथा शब्द व्हायच्या आत मदर सुपिरियर दारात आल्या. बंदरावरच्या कचेरीतून फोन होता. बाहेर नांगरलेल्या मालवाहू बोटीवरचा एक हिंदुस्थानी खलाशी बुडाला होता. दुसरा कचेरीत बसवून ठेवला होता, आणि त्याची भाषा कळणारं कुणी गावात नव्हतं.

“तू जा,” मदर म्हणाल्या. “निदान धीर तरी देशील.”

कचेरीत हीटरजवळच्या बाकावर तो बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, आखूड दाढी, अंगावर त्यांनी दिलेलं करडं ब्लँकेट. दोन्ही तळहातांना फडकी बांधली होती. दोर घासून कातडी सोलवटली होती. मी हिंदीत विचारलं, “आप कहाँ के हैं?”

“रत्नागिरी.”

“मराठी येतं?”

त्याने मान वर केली. माझ्या डोक्यावरचं वस्त्र, गळ्यातला क्रूस, सगळं एकदा बघून घेतलं. “तू कुठची गं बाय?”

“वसईची.”

“वसई,” तो म्हणाला. खाडीपलीकडचं गाव सांगावं तसं मी सांगितलं होतं जणू. आणि मग तो रडायला लागला. तोवर रडला नसावा. टेबलामागचा अधिकारी पेन खाली ठेवून खिडकीकडे बघत राहिला.

त्याचं नाव हसन मापारी. बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. बाणकोटच्या खाडीकाठचा. बुडाला तो मुबीन तांडेल, त्याच्याच गावचा, शेजारच्या घरातला, पंचविशीचा. त्याला बोटीवर चिकटवला होता हसननेच.

जे घडलं ते अधिकाऱ्याने मला कागदावरून वाचून दाखवलं. बोट बंदराबाहेर नांगरून होती. समुद्र खवळलेला. बोटीच्या अंगावर लटकणारी दोरीची शिडी दुरुस्त करायला मुबीन खाली उतरला आणि पाण्यात पडला. हसनने दोर फेकला. मुबीनने तो धरला. हसन एकटाच त्याला वर ओढत होता. जवळ दुसरं कुणी नव्हतं. बाकीचे धावून आले तेव्हा हसनच्या हातात रिकामा दोर होता.

“दोर कुणी सोडला असं आम्ही विचारलं,” अधिकारी म्हणाला. “त्याला थोडी इटालियन येते. दोनदा म्हणाला, ‘लाशो, लाशो.’ मी सोडतो. हे परदेशी लोक सगळं वर्तमानकाळातच बोलतात. आम्ही लिहून घेतलं, मी सोडला.”

‘लाशो’ हा शब्द माझ्या कानाला दुसऱ्याच कारणाने टोचला. बंदरावर सापडलेलं मुबीनचं प्रेत दुपारी आणून शेजारच्या खोलीत ठेवलं होतं, आणि हा माणूस लाश, लाश करतोय असंच मला क्षणभर वाटलं. त्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

मी हसनजवळ बसले. “चाचा, दोर सुटला का तुमच्या हातातून?”

तो शेजारच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “त्याला आंघोळ घालायला इथे आपल्यातलं कुणी मिळेल काय? विचार ना त्यांना. हे लोक तसाच पेटीत घालतील.”

मी विचारलं. गावात काही ट्युनिशियन मच्छीमार राहत होते. अधिकारी म्हणाला, बघतो. हसनला त्यांनी गाडीत घालून नेलं. निष्काळजीपणाने मृत्यू, असं ते म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओटा, पुन्हा भाजी. माझं लक्ष नव्हतं. पिएरीनाने कारण विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. तिची सुरी थांबली.

“काय म्हणाला तो? जसंच्या तसं म्हण.”

“लाशो.”

“आघात कुठे होता?”

“कुठेच नव्हता. अधिकाऱ्याने त्याच्यासारखं म्हणून दाखवलं, आम्ही बोलतो तसं सपाट.”

“आन्येझे!” ती उठायला गेली, गुडघ्याने दगा दिला, पुन्हा बसली. “लाशारे. सोडणे. दोनच तुकडे, ला आणि शो. पहिल्यावर टाळी दे. लाऽशो. म्हणजे मी सोडतो. आता दुसऱ्यावर. लाशोऽ. म्हणजे काय?”

मी टाळी वाजवली. हात तसाच राहिला. “त्याने सोडला.”

“त्याने सोडला! भूतकाळ, तृतीयपुरुष. उत्तरेकडचे लोक हे रूप फक्त पुस्तकात लिहितात. आम्ही सिसिलीतले लोक सकाळी काय खाल्लं तेसुद्धा ह्याच रूपात सांगतो. तुझा तो खलाशी इटालियन कुठे शिकला?”

“इथल्याच बंदरांवर. हमालांकडून, गोदीवाल्यांकडून.”

“आणि लिहून घेणारा अधिकारी?”

“मिलानकडचा आहे.”

तिने एप्रनला हात पुसले. तिचे डोळे लकाकत होते. शाळेतल्या बाईंना फळ्यावरची चूक सापडावी तसे. “जा,” ती म्हणाली. “एक निरपराध माणूस एका आघातापायी आत बसलाय. जा, भाजी मी बघते.”

सरकारने नेमून दिलेला वकील तरुण आणि घाईत असायचा, पण त्याला हे लगेच पटलं. पहिल्या जबाबाची, धक्क्यावरच घेतलेली ध्वनिफीत तपासली. तिच्यात आवाज होता, वारा होता, आणि तो शब्द असा सपाट होता, की कुणी काहीही म्हणावं. मग ठरलं की दंडाधिकारी बाईंसमोर हसनने स्वतःच्या तोंडाने तो पुन्हा म्हणावा. त्याआधी मी त्याला भेटून समजावून सांगावं.

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत लाकडी टेबल होतं. वकील दाराशी फोनवर बोलत उभा राहिला. मी हसनला सगळं उलगडून सांगितलं. पिएरीना सांगायची तसंच, टेबलावर थाप मारून.

“लाऽशो. पहिल्यावर जोर. म्हणजे मी सोडला असं ते धरतात. लाशोऽ. दुसऱ्यावर. म्हणजे त्याने सोडला. चाचा, तुम्ही दुसरंच म्हणत होतात ना?”

 तो लक्ष देऊन ऐकत होता. फडकं बांधलेला हात टेबलावर टेकवून त्याने हलकेच थाप मारली. “लाऽशो. हा मी.”

“हो.”

“लाशोऽ. हा तो.”

“बरोबर! परत म्हणा.”

त्याने परत म्हटलं. पुष्कळदा म्हटलं. मला जे पिएरीनाकडे इतके दिवस जमत नव्हतं ते त्याला एका बैठकीत जमलं. समुद्रावरच्या माणसाचा कान असेल. मी हरखून गेले होते. त्याच्या थापेबरोबर मीही थाप मारत होते.

“आणि ते सुटला म्हणत नाहीत काय?” त्याने मधेच विचारलं. “आपल्यात दोर सुटला म्हणतात, सोडला म्हणतात. दोन्हीत फरक आहे.”

“आहे ना. पण त्यांनी विचारलंय, कुणी सोडला.”

“हूं.” तो विचारात पडला. “उद्या मी जे म्हणेन ते लिहून घेतील?”

“हो.”

“आणि ते कागद कुठे जातात?”

“कोर्टात. बोटीच्या कंपनीकडे. आपल्या वकिलातीत. तिथून घरच्यांना कळवतात.”

“म्हणजे गावात वाचून दाखवणार.”

“हो चाचा. म्हणून तर नीट म्हणायचं. तुमच्यावरचा ठपका जाईल.”

तो फडक्याकडे बघत म्हणाला, “बाय, तू फार चांगलं शिकवतेस.”

निघताना त्याने विचारलं, आंघोळ घालायला कुणी मिळालं का. मी सांगितलं, दोन ट्युनिशियन मच्छीमार येऊन गेले, त्यांनी सगळं रीतीप्रमाणे केलं. त्याने डोळे मिटून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं.

दंडाधिकारी बाई उंच, पांढऱ्या केसांच्या. उत्तरेकडून बदलून आलेल्या. माणुसकीने वागल्या. मला आधी शपथ दिली, जे बोललं जाईल तेच सांगेन, कमी नाही, जास्त नाही. मग हसनला सांगितलं, की त्याच्या पहिल्या जबाबातल्या एका शब्दाबद्दल शंका आहे. तो शब्द त्याच्या बाजूने जाऊ शकतो, म्हणून त्याने सावकाश उत्तर द्यावं. मी ते मराठीत सांगितलं. हसनने मान हलवली.

“दोर कुणी सोडला?” बाईंनी विचारलं.

मी तेही मराठीत सांगितलं. तसा काही गरजेचा नव्हता तो अनुवाद. त्याला कळलं होतं.

हसन उभा राहिला. फडक्यातले हात त्याने पोटाशी धरले होते. माझ्याकडे बघितलं नाही. बाईंकडे बघून म्हणाला, “लाऽशो.”

इतका स्वच्छ आघात पिएरीनानेसुद्धा दिला नसता.

वकिलाने कागदावरून डोकं वर केलं. बाई पुढे झुकल्या. “तुम्हाला फरक समजावून सांगितला आहे ना? मी सोडतो, की त्याने सोडला?”

“सी, सिन्योरा,” हसन म्हणाला. हो, बाई. मग त्याने आपल्या छातीवर हात ठेवला आणि एकेक तुकडा वेगळा करून म्हटला, “इयो. लाऽ. शो.”

इयो म्हणजे मी.

 बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, “सिस्टर, ह्यांच्या म्हणण्याचा अर्थ काय?”

“जे म्हणाले तोच,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं.

लिहून घेतलं गेलं.

बाहेरच्या व्हरांड्यात पोलीस गाडीची वाट बघत होते. वकील तणतणत निघून गेला होता. मी हसनसमोर जाऊन उभी राहिले. 

“का केलंत हे? मी सांगितलं ते कळलं नव्हतं?”

“कळलं होतं. म्हणून तर नीट म्हणता आलं.”

“पण खरं काय?”

त्याने पोलिसांकडे बघितलं. त्यांना मराठी कुठे कळणार. तरी आवाज खाली घेतला.

“वर आणला होता गं मी त्याला. अगदी कठड्याशी. अजून वीतभर आला असता, तर कॉलर धरली असती. मी म्हटलं, मुबीन, हात दे. त्याने वर बघितलंन. भ्यालेला नव्हता. मला ओळखत होता, सगळं समजत होतं त्याला. आणि मग मूठ उघडलान. एक. मग दुसरी.” त्याने आपल्या बांधलेल्या हातांकडे बघितलं. “हात सुटले नाहीत बाय. सोडलान त्याने.”

मी त्याच्या शेजारी टेकले.

“कित्येक दिवस जेवत नव्हता. झोपत नव्हता. पाण्याकडे बघत उभा राहायचा. काय झालं विचारलं, तर म्हणायचा, काय नाय चाचा, सगळं जड झालंय. त्याला मी कामाला जुंपला. हात चालत असले की डोकं चालत नाही, असा माझा हिशेब. त्या दिवशी शिडीवर मीच उतरवला.” तो थांबला. “मला परक्या भाषेत विचारलं, तेव्हा तोंडातून खरं निघून गेलं. नंतर तू आलीस. आपल्या भाषेत विचारलंस. आपल्या भाषेत तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. तेव्हाच मला कळलं, हा शब्द गावात जाऊ द्यायचा नाही.”

“पण तुम्ही तुरुंगात जाल चाचा.”

“जाईन. त्याची आयस घरात एकटी आहे. जमातीतले लोक दारात येऊन बसतील, पोराने असं का केलान विचारतील. कुणी म्हणेल मय्यतीची नमाज पढवू नका. जीव दिलेल्या पोराची आयस म्हणून ती मरेपर्यंत जगेल. त्यापेक्षा जीव गेलेल्या पोराची आयस म्हणून जगू दे तिला. शिव्या द्यायला मी आहेच.” गाडी आली. पोलिसाने त्याच्या दंडाला हात लावला. उठता उठता तो म्हणाला, “आणि सांगतो, मी खोटं बोललो नाही. त्याच्या आयशीला सांगून आणलेला, माझ्या डोळ्यांसमोर राहील म्हणून. मग सोडला कुणी? तू दुभाषी. मी जे बोललो ते सांगितलंस. जे बोललो नाही ते तुझ्याकडे ठेव.”

घरी आले तेव्हा पिएरीना ओट्याशीच बसली होती. “कुठे दिला आघात?” तिने विचारलं.

“पहिल्यावर.”

तिने सुरी खाली ठेवली. काय समजायचं ते समजली असावी. “मग त्याला शिकवलेलं चांगलं समजलं,” एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने मला पुष्कळ शिकवलं, पण त्या क्रियापदाचं उदाहरण पुन्हा घेतलं नाही.

हसनला शिक्षा झाली. मी महिन्यातून एकदा त्याला भेटायला जायची. तो तिथल्या बागेत काम करायचा. आम्ही खाडीबद्दल, माशांबद्दल, आमच्या गासच्या केळ्यांबद्दल बोलायचो. मुबीनचं नाव तो काढत नसे. सुटून घरी गेला. बोटीवर पुन्हा कधी चढला नाही. कोण चढवून घेणार? काही वर्षांनी माझी बदली परत वसईला झाली. उन्हाळ्यात हसनकडून आंबापोळीचं पुडकं यायचं, बाणकोटच्या बाजूने कुणी ना कुणी घेऊन यायचं. एका उन्हाळ्यात ते आलं नाही. मी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. “रमजानात गेले,” ती म्हणाली.

मी गेले भेटायला. खाडी ओलांडणाऱ्या तरीतून, म्हणजे नावेतून, उतरून चढणीवरचं गाव. दोन घरं एकमेकांना लागून, मधे एकच विहीर. हसनच्या बायकोचं नाव सकिना. तिने मला खुर्ची दिली, चहा केला. बोलायला फारसं काही नव्हतं.

“मय्यतीला माणसं होती का?” मी विचारलं.

“होती मोजकी. आमच्या घरातली.” ती चहाच्या कपाकडे बघत होती. “गाव आमच्याशी बोलत नाही, तुम्हाला माहीत असेल. त्या पोराच्या पायी. मीसुद्धा एकदा ह्यांना विचारलं होतं, अहो, तुमच्या हातात एवढी ताकद, कसा सोडलात? गप्प बसले. त्यानंतर नाही विचारलं.”

माझ्या तोंडाशी आलं होतं. हसनने माझ्याकडेच ठेवायला सांगितलं होतं, मी गिळलं. निरोप घेऊन विहिरीपाशी आले, तर शेजारच्या ओटीवरून हाक आली.

“अगं, तीच काय तू? तिकडची?”

जैतूनबी. मुबीनची आई. ऐंशीच्या घरातली, अंगाने पार वाळलेली, सुपात सुकट निवडत बसली होती. मी ओटीवर गेले. तिने सूप बाजूला सारलं. आधी सकिनाच्या दाराकडे बघितलं, मग मला जवळ बसवलं.

“माझ्या पोराला धुतलानी काय नीट?”

“नीट धुतलं. मच्छीमार होते दोघं, तुमच्यातलेच. मी विचारून आले होते.”

तिने मान हलवली. पदराने तोंड पुसलं. मग एकदम म्हणाली, “त्या सकाळी त्याने फोन केलान.”

“कुणी?”

“मुबीनने. बोटीवरून. पैसे लागतात फोनाला म्हणून कधी करायचा नाही, तो त्या सकाळी केलान. आये, जेवलीस काय, म्हणाला. मी म्हटलं, अरे, आत्ता कुठे उजाडलंय. मग म्हणाला, आये, माझी चूक माफ कर. मी म्हटलं, कसली चूक? तर फोन ठेवलान.” तिचे हात मांडीवर निजल्यासारखे पडले होते. “मग खबर आली. हसनने दोर सोडलान म्हणून कागद आला. मशिदीत वाचून दाखवलानी. मी ऐकलं आणि मला कळलं.”

“काय कळलं?”

“हसन दोर सोडणारा माणूस नव्हे. हे सगळ्या गावात मला एकटीलाच ठाऊक होतं.”

तिने पुन्हा सकिनाच्या दाराकडे बघितलं.

“तरी मी बोलले नाही. बोलले असते, तर माझ्या पोराचं नाव गेलं असतं. तो सुटून आला. माझ्या दारात येऊन उभा राहिला, खाली मान घालून. मी त्याच्या तोंडावर दार लावलं. सगळ्यांच्या देखत शिव्या घातल्या. विहिरीवर सकिना आली, की मी कळशी उचलून घरात. इतकी वर्षं.” ती थांबली. दम लागला होता. “रोज बघायची मी त्याला. ह्या समोरच्या वाटेने जायचा. कधी वर बघायचा नाही.”

मग तिने माझा हात धरला. “तुला एकच विचारायचंय. त्याला ठाऊक होतं काय, की मला ठाऊक आहे म्हणून?”

मी खूप आठवलं. भेटीच्या खोलीतलं, बागेतलं, पत्रांतलं, फोनवरचं. “नाही माहीत,” मी म्हटलं. “मला कधी बोलले नाहीत.”

“असेल काय?”

“नाही सांगता येत.”

 खाडीवरून परतणाऱ्या होड्यांची इंजिनं वाजत होती. ती भिंतीला धरून उठली. “चल माझ्यासोबत,” म्हणाली. “एकटीला मला ते दार चढवत नाही.”

दोन घरांमधलं अंतर ते केवढं, पण ती तीनदा थांबली. सकिनाच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. सकिना बाहेर आली. जैतूनबीला बघून तिचा हात दाराच्या चौकटीवरच राहिला.

जैतूनबीने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तिने माझ्याकडे बघितलं. दोन माणसांच्या मधे उभं राहून बोलणं हेच काम मी कितीतरी वर्षं केलं होतं, पण इथे दोघींची भाषा एकच होती. मी एक पाऊल मागे सरले.

शेवटी तीच बोलली. हळूहळू, तुटक तुटक, फोनपासून सगळं. मुबीनने काय केलं ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं.  सकिनाच्या चेहऱ्यावर काही हललंसुद्धा नाही. सांगून झाल्यावर जैतूनबी चौकटीला टेकली आणि तिने हात जोडले.

सकिनाने त्या जोडलेल्या हातांकडे बघितलं.

“रमजानाच्या आधी सांगितलं असतंस,” ती म्हणाली, “तर खांदा द्यायला चार माणसं जास्त आली असती.”

आणि ती आत गेली. दार तिने लावलं नाही. पण ये असंही म्हणाली नाही. जैतूनबी उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. मी तरीच्या धक्क्याकडे निघाले आणि खालच्या वळणावरून मागे बघितलं, तेव्हाही ती तिथेच होती.